आतली नऊ

मी एक जुनी भिंत आहे. उज्जैनला राम घाटाकडे उतरणाऱ्या एका गल्लीत भय्यासाहेबांचा यात्री निवास आहे, त्याच्या जिन्याला धरून मी उभी आहे. मित्रांनो, शिप्रेच्या स्नानाला आलात आणि तिथे उतरलात, तर जिना चढताना तुमचा हात माझ्यावर पडेलच. कोणी माझ्यावर पान थुंकतं. कोणी खिळ्याने आपलं नाव कोरतं आणि शेजारी दुसऱ्या कोणाचं तरी. ओली धोतरं वाळवायला दोरी हवी, म्हणून दगडाने खिळे ठोकणारेही आहेत. मी सगळं सोसते. भिंतीला कान असतात असं तुम्ही म्हणता ते खरं आहे, पण भिंतीला तोंड नसतं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःख हेच. तोंड असतं, तर पुढे जे झालं ते झालं नसतं.

आळंदीला माझी कोणी थोर बहीण चालली होती म्हणतात. तिची पुण्याई मोठी. मला चालता आलं नाही. मला फक्त पडता आलं.

भिंत विटांतून जन्मते असं तुम्हाला वाटत असेल. मी मात्र फ्रीगंजमध्ये जन्मले, टावर चौकाजवळच्या कापडाच्या दुकानावर ज्या दोन खोल्या आहेत तिथे, एका संगणकाच्या पोटात. तिथे विजयाताईंचं ऑफिस होतं. त्यांचे वडील बँकेच्या बदलीने उज्जैनला आले आणि इथलेच झाले. विजयाताई इंदूरला शिकून घरांचे नकाशे काढू लागल्या. त्यांचा धाकटा भाऊ सुहास संगणक चालवायचा. तेव्हा गल्लोगल्ली संगणकाच्या शिकवण्या निघत होत्या, हातात नवे मोबाइल आले होते, आणि जो तो कुठेतरी घाईने निघालेला होता. सुहासला तर घाई जन्मजात होती. ढेकूण मारावेत तशी तो बटणं मारायचा. काचेच्या आतून मला वाटायचं, या पोराचा राग आहे तरी कोणावर?

संगणकातली भिंत म्हणजे नुसत्या दोन रेघा नव्हेत. तिला थर असतात. एका चौकटीत ते खालीवर मांडलेले असतात आणि प्रत्येकापुढे त्याची जाडी लिहिलेली असते. माझा पहिला थर गिलाव्याचा, मग नऊ इंची भरीव वीट, मग दुसऱ्या अंगाला फरशी. विजयाताईंनी माझं नाव ठेवलं ‘आतली नऊ’. आता नीट ऐका, कारण सगळा घात इथेच आहे. हे नाव माझ्या एकटीचं नव्हतं. बाथरूमच्या भिंतींना पाण्यासाठी फरशी हवी होती, जिन्याच्या भिंतींना गर्दीच्या खांद्यांनी मळू नयेत म्हणून फरशी हवी होती. म्हणून आम्हा सगळ्यांना एकच नाव मिळालं. आम्ही एका माळेचे मणी. त्या नावाचा थर बदलला की सगळ्यांच्या पोटातला थर बदलतो. एखादीच बदलायची असेल, तर आधी नावाची नक्कल करायची, नक्कलेला दुसरं नाव द्यायचं, आणि मगच हात लावायचा.

सिंहस्थ जवळ आला होता. घाटाजवळच्या प्रत्येक घराला आणखी एक मजला हवा होता. भय्यासाहेबांनी तर गल्लीतलं जुनं घर पाडून अख्खा यात्री निवासच काढला. भय्यासाहेब म्हणजे भारदस्त आवाज, भारदस्त मिशा आणि पणजोबा संस्थानच्या सरकारांच्या दरबारात कारकून होते याचा दर दहा वाक्यांनी उल्लेख. बडा घर पोकळ वासा, असं लोक मागे म्हणत. समोर कोणी म्हणत नसे, कारण भय्यासाहेबांचा हात सुटायला वेळ लागत नसे.

एक दिवस ते ऑफिसात आले आणि आल्याबरोबर टेबलावर अशी मूठ हाणली की चहाचा पेला खाली पडून फुटला.

“विजयाबाई, आजकाल यात्रेकरूला अटॅच लॅट्रिन-बाथरूम पाहिजे. आणि पाइप मला बाहेर दिसला नाही पाहिजे. बस, मी सांगून दिलं.”

“बाथरूमच्या भिंती पोकळ करू,” विजयाताई म्हणाल्या. “पाइप आत जातील. पण फक्त बाथरूमच्या. जिन्याच्या भिंतीला हात नाही लावायचा, तिच्यात पायऱ्यांचे दगड रोवायचे आहेत. सुहास, आधी कॉपी कर, नवं नाव दे, मग थर बदल. समजलं ना?”

“हो ताई, समजलं. किती वेळा सांगशील?”

त्यांना दुसऱ्या एका साइटवर जायचं होतं, त्या गेल्या. भय्यासाहेब मात्र सुहासच्या डोक्यावर उभे राहिले.

“अरे भिया, तू नकाशा काढून राहिला की कशिदा? इतक्यात माझा मिस्त्री एक खोली उठवतो.”

सुहासने ओठ चावला. त्याने ‘आतली नऊ’ची चौकट उघडली. नक्कल केली नाही. माझी भरीव वीट काढली. दोन्ही अंगांना उभ्या विटेची तीन-तीन इंची कातडी ठेवली आणि मधे पोकळी. एकूण जाडी तीच, नऊ.

“बहिणीनं सांगितल्याशिवाय पाणी तरी पितो का रे?” भय्यासाहेब हसले.

तेवढ्यात पडद्यावर प्रश्न आला. इंग्रजीत होता, पण सरळ होता. हा बदल या नावाच्या सगळ्या भिंतींना लागू होईल, करू का? प्रश्न सुहासच्या नाकासमोर होता, आणि सुहास मान वळवून भय्यासाहेबांकडे बघत होता. रागाने त्याच्या कानशिलावरची शीर उडत होती. त्यांना मारता येत नव्हतं, म्हणून त्याने होकाराच्या बटणावर मूठ मारली.

मित्रांनो, तुमचं पोट कोणी एका झटक्यात खरवडून काढलं आहे का? माझं काढलं. माझ्या सगळ्या बहिणींचंही काढलं, त्याच क्षणी. आणि वरून काही दिसेना. वरून कीर्तन आणि आतून तमाशा, तशी माझी गत झाली. विजयाताईंनी संध्याकाळी नकाशे पाहिले. जाडी नऊची नऊ, खोल्या जागच्या जागी. भावावर विश्वास होता, आणि दारात आणखी दोन घरमालक ताटकळत होते. त्यांनी सही केली.

मग मी प्रत्यक्षात उतरले, आणि उतरले ती मारातच. जुन्या घराच्या उरलेल्या भिंती घणाने फोडत होते, तेव्हा त्यांच्या किंकाळ्या मी ऐकल्या. विटांच्या डोक्यात गवंड्याच्या करणीच्या कडा बसत होत्या. छिन्नीने मला खाचा पाडल्या आणि पायऱ्यांच्या दगडांची टोकं त्या खाचांत ठोकून बसवली. भरीव असते, तर मी तो भार हसत झेलला असता. पण माझी कातडी तीन इंचांची! प्रत्येक दगड ठोकताना मला वाटायचं, आता फाटले, आता फाटले. मिस्त्रीपुढे माझा छेद काढलेला कागद होता. कागदात पोकळी होती, त्याने पोकळी बांधली. बाथरूमं जिन्याला लागूनच, त्यामुळे पोकळी पाइपांसाठीच असणार असं सगळ्यांनी धरलं. भय्यासाहेबांच्या आरडाओरड्यात विटा उठल्या त्याच घाईने त्यांच्यावर गिलावा चढला. विजयाताई पाहणीला आल्या, तोवर माझं पोट झाकून गेलं होतं.

जिन्याच्या मधल्या टप्प्याखाली साइटची राखणदारीण राहायला आली. तिचं नाव गेंदाबाई. नवरा नाही, बरोबर एक लहान मुलगी, रामकन्या. गेंदाबाईने तिथेच चूल मांडली आणि माझ्या अंगावर मुलीचा पाळणा टांगायला एक खुंटी ठोकली. तो घावही मी सोसला. पण दिवाळी आली तेव्हा तिने मला शेणमातीने सारवलं, वर गेरू फिरवला आणि बोटाने खडीच्या पांढऱ्या मातीची मांडणी काढली, आमच्याकडची भिंतीवरची रांगोळीच ती. एक मोठं फूल, चहूबाजूंनी पावलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला न मारता हात लावला. मी भिंत आहे, मला रडता येत नाही, पण त्या दिवशी मला रडायचं होतं. कारण माझ्या पोटात तडा गेला होता, तो वाढत होता, आणि बरोबर माझ्याखाली ती मुलगी झोपत होती.

ओरडता येत नसेल तर काय करायचं? मी जमेल तेवढं धरून राहिले.

पाडव्याला विजयाताई आणि सुहास फराळाचा डबा घेऊन साइटवर आले. विजयाताई मांडणीपुढे कौतुकाने उभ्या राहिल्या आणि हसता हसता थांबल्या. फुलाचा डावा भाग उजव्याहून बोटभर खाली आला होता. गेंदाबाईने रेघ मोडून काढली नव्हती. काढल्यानंतर भिंत सरकली होती. विजयाताईंनी मुडपलेल्या बोटाने माझ्यावर वाजवलं. ढप, असा आवाज आला. त्यांनी थोडं पलीकडे वाजवलं. तिथेही ढप.

“सुहास, ही पोकळ कशी?”

सुहासने स्वतः वाजवून पाहिलं. त्याचा चेहरा खडीसारखा पांढरा पडला. तो म्हणाला, “ताई, त्या दिवशी पडद्यावर काहीतरी विचारलं होतं. मी वाचलंच नाही.”

विजयाताईंनी भावाच्या थोबाडीत मारली. त्यांनी त्याला त्यापूर्वी कधी मारलं नसावं, कारण मारल्यावर त्या आपल्याच हाताकडे बघत राहिल्या. मग ओरडल्या, “गेंदाबाई, बाहर निकल! लडकी को ले के निकल!”

तेवढ्यात भय्यासाहेब आले. पाडव्याचं नवं धोतर, कपाळाला गंध. विजयाताईंनी हात जोडून सगळं सांगितलं. काम थांबवा, टेकू लावा, जिन्याच्या या नावाच्या सगळ्या भिंती पाडून पुन्हा बांधाव्या लागतील, खर्च आमच्या माथी मारा.

“पाडायच्या?” भय्यासाहेब गरजले. “सिंहस्थ तोंडावर आणि माझ्या भिंती पाडायच्या? पागल झाल्या का तुम्ही, विजयाबाई?” आणि गेंदाबाईकडे वळून म्हणाले, “बैठी रह. कुछ नहीं होता. उठी, तो काम से गई समझ.”

गेंदाबाई अर्धी उठली होती, ती पुन्हा बसली. तिला दुसरं घर नव्हतं. तिची मुलगी पाळण्यात टिपरीशी खेळत होती.

सुहास पुढे झाला. “भय्यासाहेब, चूक माझी आहे. पण आधी त्यांना बाहेर येऊ द्या.”

“तू मला शिकवतो?” भय्यासाहेबांनी त्याची गचांडी धरली आणि त्याचं डोकं माझ्यावर आपटलं. एकदा, पुन्हा एकदा. मांडणीच्या पांढऱ्या फुलावर लाल शिंतोडे उडाले. विजयाताई त्यांच्या हाताला लोंबकळल्या, तर त्यांनाही बाहेर अंगणात ढकलून दिलं. तिसऱ्यांदा आपटलं, तेव्हा सुहासचा कान माझ्यावर दाबला गेला आणि तसाच राहिला. माझ्या आत विटांचे तुकडे सुटून पोकळीत पडत होते. खडखड, खडखड. मी इतके दिवस जे सांगत होते ते त्याने त्या एका क्षणात ऐकलं.

भय्यासाहेबांना वाटलं, पोरगा नरमला. त्यांनी त्याला सोडलं आणि जिना चढून मधल्या टप्प्यावर जाऊन उभे राहिले. “ये देखो!” सगळ्या मजुरांना ऐकू जाईल असं ते ओरडले आणि त्यांनी टप्प्यावर पाय आपटला. “मी उभा आहे! पडली का? पडली का?”

ते पाय आपटत असताना सुहास रक्ताळलेल्या डोक्याने खाली घुसला. त्याने पाळण्यातून रामकन्येला उचललं आणि बाहेर पळाला. गेंदाबाई किंचाळली, “म्हारी छोरी! म्हारी छोरी ले गयो रे!” चुलीतलं जळतं लाकूड उचलून ती त्याच्या मागे धावली. अंगणात गाठून तिने ते त्याच्या पाठीवर हाणलं. त्याचा शर्ट पेटला. त्याने मुलीला पोटाशी धरून पाठ केली आणि मार खाल्ला, पण मुलीला सोडलं नाही.

मला आणखी धरवेना. मी पडले.

पायऱ्यांचे दगड माझ्या कातडीतून उपटून निघाले, टप्पा दुभंगला, चूल, पाळणा, फराळाचा डबा सगळं गाडलं गेलं. भय्यासाहेब दगडांबरोबर खाली आले आणि मी त्यांच्यावर पडले. त्यांची किंकाळी मी अगदी जवळून ऐकली. मित्रांनो, माझ्या मनात सूड नव्हता. भिंत कोणाला ओळखून पडत नाही. तिच्याखाली जो असेल, तो सापडतो. पाळणा चेपून पत्रावळीसारखा झाला होता. तो पाहिल्यावर मी मनातून एवढंच म्हटलं, बरं झालं, ती नव्हती.

धूळ बसली तेव्हा गेंदाबाईच्या हातातलं लाकूड गळून पडलं. तिने सुहासचा पेटता शर्ट दोन्ही हातांनी विझवला. मग ती, विजयाताई आणि सुहास, तिघांनी मिळून नखांनी विटा उपसल्या आणि भय्यासाहेबांना बाहेर काढलं. त्यांचा एक पाय गुडघ्याखाली उरला नव्हता.

त्याच संध्याकाळी भय्यासाहेबांची माणसं लोखंडी गज घेऊन फ्रीगंजमध्ये गेली. ज्या पडद्यात मी जन्मले तो त्यांनी फोडला, संगणक गॅलरीतून खाली फेकला, आणि सुहासचा उजवा हात टेबलावर धरून गजाने मोडला. हे मजुरांच्या बोलण्यातून मला कळलं. पडलेल्या भिंतीलाही कान असतात.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर भय्यासाहेबांनी पहिला प्रश्न विचारला म्हणे, तो गेंदाबाईच्या मुलीबद्दल. ती कशी वाचली ते त्यांना सांगितलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मग म्हणाले, “पोलिसांत कोणी जाऊ नका. विजयाबाईंना सांगा, पाडा सगळ्या.”

म्हणून विजयाताई साइटवर आल्या. पदर खोचला, मजुराच्या हातातून घण घेतला आणि जिन्याला धरून उभ्या माझ्या उरलेल्या बहिणींवर पहिला घाव त्यांनी स्वतः घातला. आईच्या हातचा मार होता तो. भिंती फुटत होत्या, पोकळ्या उघड्या पडत होत्या, आणि विजयाताई घण घालता घालता रडत होत्या. ढिगाऱ्यात पडल्या पडल्या मी ते पाहिलं. आम्हाला काहीही वाईट वाटलं नाही. पोकळ उभं राहण्यापेक्षा फुटून जाणं बरं.

मग नवा संगणक आला, हप्त्यावर. सुहासचा उजवा हात प्लास्टरमध्ये, त्यामुळे तो डाव्या हाताने एकेक बटण शोधून दाबू लागला. या वेळी त्याने आधी नक्कल केली. पाइपांच्या भिंतींना नवं नाव दिलं. मला माझी भरीव वीट परत दिली आणि मलाही वेगळं नाव दिलं. कुठलं, ते सांगत नाही. पडद्यावर प्रश्न आला, तेव्हा सुहासने तो मोठ्याने वाचला. बाहेरच्या खोलीतून विजयाताई म्हणाल्या, “पुन्हा वाच.” त्याने पुन्हा वाचला. मग एका बोटाने, हळूच, होकार दिला.

माझ्या जुन्या विटांतल्या शाबूत विटा निवडून मला त्याच जागी उभं केलं. सिंहस्थात माझ्या अंगाला अंग घासत किती यात्रेकरू चढले-उतरले, त्याची गणती नाही. मी तसूभर हलले नाही. गेंदाबाई आजही यात्री निवासाची झाडलोट बघते आणि दिवाळीला माझ्यावर मांडणी काढते. रामकन्या आता तिला खडी कालवून देते.

मित्रांनो, मला खिळे ठोकू नका, माझ्यावर थुंकू नका, हे सगळ्याच भिंती सांगतात. मी आणखी एक मागते. कोणी तुम्हाला विचारलं, करू का, तर रागात असाल, घाईत असाल, तरी प्रश्न पुरता वाचा आणि मगच हो म्हणा. हो म्हणायला एक बोट पुरतं. मार मात्र ज्यांना कोणी विचारलेलं नसतं, तेच खातात.

भय्यासाहेब आता नकली पाय लावून काठीने चालतात. रोज सकाळी जिन्याशी येतात, पहिल्या पायरीवर काठी टेकण्याआधी ती उचलतात आणि माझ्या पोटात जोराने मारतात. आवाज भरीव येतो. मग ते वर न बघता म्हणतात, “हां. ठीक आहे.” आणि चढू लागतात. आयुष्यभर मी पुष्कळ मार खाल्ला, पण हा एक मार मला हवासा वाटतो. एखाद्या सकाळी ते आले नाहीत, तर मी दिवसभर वाट बघते.